अँब्युलन्सवरून वॉर्डात : नर्सिंगचा कोर्स कसा निवडावा?

या पानावर आपण दुकान, माल, उधारी, कारागिरी यांच्या गोष्टी करतो. इथे रुग्णसेवेच्या नोकरीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. हुनर हेही भांडवलच आहे, आणि ते कुठे गुंतवावे हा हिशेब दुकानाच्या हिशेबाइतकाच कडक असतो. मदनपुरा, नागपाडा, डोंगरी, भायखळा, लालबाग, परळ या भागांतल्या कारागिरांच्या घरांतून गेल्या काही वर्षांत बरेच तरुण अँब्युलन्सच्या कामात शिरले. कोणी ड्रायव्हर झाला, कोणी सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा इमर्जन्सीचा कोर्स करून पॅरामेडिक झाला. चार-पाच वर्षे झाली की त्यातले काही विचारू लागतात : आता पुढे काय? नर्सिंग करावे काय? केले तर कोणते?

हा प्रश्न तीन-चार वर्षांच्या कमाईचा आणि बापाने जमवलेल्या पुंजीचा आहे. चुकीचा कोर्स निवडला तर पैसा जातो, वय जाते आणि हाती राहते एक असे सर्टिफिकेट, ज्याला कोणतेही मोठे रुग्णालय विचारत नाही. म्हणून आज हा धडा क्रमाने पाहू.

धंदा बदलण्याची वेळ का येते?

प्रथम अँब्युलन्सच्या कामाची मर्यादा समजून घ्यावी. महाराष्ट्र सरकारची १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्या गाड्यांत चालकाबरोबर डॉक्टर असावा अशी रचना ठरली. २०१७ मध्ये मुंबईच्या गल्ल्यांसाठी मोटारसायकल अँब्युलन्स आली, तिच्यावरही डॉक्टरच नेमले गेले. याचा अर्थ असा की, या सेवेत रुग्णाजवळची जबाबदारीची जागा डॉक्टरसाठी ठेवलेली आहे. पॅरामेडिकला काम मिळते ते बहुधा खासगी कंपन्यांच्या, रुग्णालयांच्या किंवा ट्रस्टच्या गाड्यांवर. काम मोलाचे आहे, सवाबाचे आहे, पण वर चढण्याच्या पायऱ्या थोड्या आहेत. शिवाय स्ट्रेचर उचलून कंबर धरली की पन्नाशीत हे काम कसे करणार, हा विचार पंचविशीतच करावा लागतो.

आपल्या गिरणगावाने हा धडा एकदा घेतलेला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. परळ-लालबागचे भोंगे थांबले आणि मागावर आयुष्य काढलेल्या हातांना दुसरा धंदा शोधावा लागला. ज्यांनी वेळ हातात असताना नवे काम शिकून घेतले ते टिकले. ज्यांनी जुना हुनर नव्या बाजारात आपोआप चालेल असे धरले, त्यांचे हाल झाले. पॅरामेडिकनेही हेच ध्यानात ठेवावे.

जुना अनुभव जमेला धरला जातो काय?

ही सर्वांत मोठी गैरसमजूत. अमेरिकेत पॅरामेडिकला नर्स होण्यासाठी खास जोड-कोर्स असतात. तिथे आधीच्या शिक्षणाची व अनुभवाची काही सूट मिळते. त्याविषयी ऐकून आपल्याकडेही कोणी सांगतो की, 'तुझा पाच वर्षांचा अनुभव आहे, तुला थेट दुसऱ्या वर्षाला बसवतो.' असे सांगणाऱ्याच्या ऑफिसातून लगेच उठावे. भारतात पॅरामेडिकसाठी असा जोड-कोर्स नाही. इथे दोन्ही व्यवसाय कायद्याने वेगवेगळे आहेत. नर्सिंगसाठी १९४७ च्या कायद्याने इंडियन नर्सिंग कौन्सिल झाली, आणि तिच्या जागी आयोग आणणारा नवा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. पॅरामेडिकचा समावेश २०२१ च्या अलाइड हेल्थ व्यवसायांच्या निराळ्या कायद्यात आहे. तेव्हा अँब्युलन्सवर दहा वर्षे काढलेला माणूसही नर्सिंगला पहिल्या वर्षाच्या बाकावरच बसतो. उस्तादाने पुन्हा शागिर्द व्हायचे, ही मनाची तयारी आधी करावी.

मग अनुभव वाया गेला काय? मुळीच नाही. बीपी घेणे, ऑक्सिजन लावणे, छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवणे, मोडलेल्या हाडाला आधार देणे, रडणाऱ्या नातेवाइकांना आवरणे हे तुमच्या हातात आलेले असते. पहिल्या वर्षाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी रक्त पाहून घाबरतो, तुम्ही घाबरत नाही. परंतु नर्सिंग म्हणजे एवढेच नव्हे. गाडीत रुग्ण तुमच्याजवळ वीस-तीस मिनिटे असतो, वॉर्डात तो वीस दिवस असतो. वेळेवर औषधे, पाठीला जखम होऊ न देणे, जंतुसंसर्ग टाळणे, प्रत्येक गोष्टीची लेखी नोंद, बाळंतपण, बालकांची देखभाल, मानसिक रुग्ण, वस्तीतले आरोग्य हे सारे नव्याने शिकावे लागते. ज्याला घाईच्या कामाचीच गोडी आहे, त्याने आधी एखाद्या वॉर्डात ओळखीच्या ब्रदर-सिस्टरला पूर्ण पाळी काम करताना पाहावे आणि मग ठरवावे.

बाजारात कोणते कोर्स आहेत?

सरकारमान्य वाटा मोजक्याच आहेत. त्या नीट ओळखाव्यात.

एएनएम : दोन वर्षांचा कोर्स. बारावी कोणत्याही शाखेची चालते. हा फक्त स्त्रियांसाठी असून मुख्यतः माता-बाल आरोग्य आणि वस्तीतील सेवेसाठी आहे. बारावी होऊन शिक्षण थांबलेल्या घरच्या लेकी-सुनांसाठी ही वाट उपयोगी आहे. पुढे नोंदणीकृत एएनएमला जीएनएमचा दरवाजाही उघडा असतो.

जीएनएम : तीन वर्षांचा डिप्लोमा. २०१५ च्या सुधारित अभ्यासक्रमापासून शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे आहेत. कौन्सिलच्या नियमांप्रमाणे बारावीत इंग्रजी हवे आणि ४० टक्के गुण हवेत. विज्ञान शाखेला पसंती असली तरी कला-वाणिज्यवाल्यालाही बंदी नाही. पुरुष व स्त्रिया दोघांसाठी हा कोर्स आहे. महाराष्ट्रात याची परीक्षा राज्याचे नर्सिंग व पॅरामेडिकल शिक्षण मंडळ घेते.

बी.एस्सी. नर्सिंग : चार वर्षांची पदवी. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, गुण ४५ टक्के. राखीव प्रवर्गांना यात सवलत असते. राज्यात प्रवेशासाठी सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते, तिची तारीख व नियम दर वर्षी त्यांच्या सूचनेत पाहावेत. राज्यातील बहुतेक महाविद्यालयांची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. हे विद्यापीठ १९९८ पासून आहे. चर्चगेटचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज मात्र एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचे, म्हणजे मुलींसाठी आहे.

पोस्ट बेसिक बी.एस्सी. : जीएनएम होऊन नोंदणी झालेल्यांसाठी दोन वर्षांची पदवी. आधी डिप्लोमा, मग कमाई, मग पदवी अशी ही पायरीपायरीची वाट आहे.

जीएनएम आणि बी.एस्सी. या दोन्हींसाठी कौन्सिलच्या नियमांत वय किमान १७ आणि कमाल ३५ आहे. म्हणजे तिशी ओलांडलेल्या अँब्युलन्सवाल्याने 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत बसू नये.

ज्याची बारावी कला शाखेची आहे पण पदवीच हवी आहे, त्यालाही वाट आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून विज्ञान विषय घेऊन केलेली बारावी कौन्सिलच्या नियमांत मान्य आहे. नोकरी सांभाळून एक वर्ष हा अभ्यास करता येतो.

फसव्या मालापासून सावध

बाजारात 'नर्सिंग असिस्टंट', 'पेशंट केअर', 'एक वर्षात नर्स' अशा पाट्या पुष्कळ दिसतात. यातले काही कोर्स मदतनीसाच्या कामापुरते ठीक असतील, पण ते करून माणूस नोंदणीकृत नर्स होत नाही. खरी कसोटी एकच : कोर्स संपल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये आपले नाव नोंदले जाईल काय? नाव नोंदले गेले तरच तुम्ही नर्स. न नोंदले गेले तर पगार वॉर्डबॉय किंवा मावशीचा आणि जबाबदारी नर्सची, असा तोट्याचा सौदा होतो. शिवाय काही चूक घडली तर पाठीशी कायदाही उभा राहत नाही.

दुसरी गोष्ट, पत्राने किंवा घरबसल्या जीएनएम वा बी.एस्सी. नर्सिंग होत नाही. कौन्सिलच्या नियमांत वर्गातली हजेरी ८० टक्के लागते आणि प्रत्यक्ष कामाची हजेरी डिप्लोमा वा पदवी हाती येण्यापूर्वी १०० टक्के भरून द्यावी लागते. ज्या संस्थेचा दलाल 'फक्त परीक्षेला या' असे सांगतो, तिथले कागद पुढे पडताळणीत गळून पडतात.

यावरून हेही उघड होते की, शिकताना अँब्युलन्सची पूर्ण पाळी करता येणार नाही. दिवसा वर्ग, वॉर्डात पाळ्या आणि वर रात्री गाडी असे केल्यास एक तर हजेरी बुडेल किंवा तब्येत. सुटीतले किरकोळ काम सोडून कमाई थांबणार, हे धरूनच हिशेब मांडावा.

हिशेब वहीत मांडून पाहा

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. खालचे आकडे केवळ नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपले खरे आकडे घालावेत.

समजा एखादा तरुण अँब्युलन्सवर महिना १५,००० रुपये मिळवतो. खासगी संस्थेत जीएनएमची फी वर्षाला ६०,००० आहे असे धरू. तीन वर्षांत बुडालेली कमाई ५,४०,००० आणि फी १,८०,०००, म्हणजे एकूण गुंतवणूक ७,२०,००० झाली. खासगी बी.एस्सी.ची फी वर्षाला १,००,००० धरली, तर चार वर्षांची बुडालेली कमाई ७,२०,००० आणि फी ४,००,०००, एकूण ११,२०,०००. फरक चार लाखांचा पडला.

परंतु सरकारी किंवा महापालिकेची जागा मिळाली आणि फी वर्षाला १०,००० पडली असे समजा. मग बी.एस्सी.ची एकूण गुंतवणूक ७,६०,००० होते. खासगी डिप्लोमापेक्षा फक्त ४०,००० जास्त देऊन हाती पदवी येते! यातला बोध असा की, खर्चाचा मोठा भाग फी नसून बुडालेली कमाई आहे, आणि सरकारी जागेसाठी सहा महिने नेटाने अभ्यास करणे हा सर्वांत स्वस्त सौदा आहे. त्याच वेळी, केवळ सरकारी जागेच्या आशेवर दोन-तीन वर्षे घरी बसणे हाही तोटाच आहे. एक वर्ष प्रयत्न करावा, नाही जमले तर चांगली मान्यताप्राप्त संस्था पाहून जीएनएमला लागावे, असा बेत बरा.

वसुलीची बाजूही पाहू. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला पदवीधर नोंदणीनंतर लगेच बसू शकतो. जीएनएमवाल्याला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे त्या दारापाशी पदवीधर चार वर्षांनी पोहोचतो आणि डिप्लोमावाला पाच वर्षांनी. तरुणांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : एम्सच्या या भरतीत ८० टक्के जागा स्त्रियांना व २० टक्के पुरुषांना असे सूत्र २०१९ साली ठरले. सरकारी जाहिरात आली की त्यात पुरुषांच्या जागा किती हे प्रथम वाचावे. याचीच दुसरी बाजू अशी की, घरातली मुलगी हुशार असेल तर या क्षेत्रात तिच्यासाठी संधी जास्त आहेत.

आखाताची ओढ आपल्या लोकांना असतेच. तिथे कागदपत्रांची पडताळणी आणि परवान्याची परीक्षा असे दोन्ही असते, आणि नोंदणीनंतरचा वॉर्डातला अनुभव विचारला जातो. अँब्युलन्सचा अनुभव तिथे नर्सिंगचा अनुभव म्हणून मोजला जाईल, असे धरून चालू नये.

संस्था निवडताना काय विचारावे?

आपला भाग याबाबत नशीबवान आहे. परळला आचार्य दोंदे मार्गाच्या परिसरात केईएम, टाटा आणि वाडियांची बालकांची व प्रसूतीची रुग्णालये आहेत. भायखळ्याला जे.जे., मुंबई सेंट्रलला नायर, बोरीबंदराकडे जी.टी., कामा व सेंट जॉर्ज, गिरगावात सर एच. एन. आणि चर्नी रोडला सैफी आहे. केईएम १९२६ पासून आणि जे.जे. १८४५ पासून शिकवण्याचे काम करीत आलेले आहे. सबब मुंबईबाहेरच्या अनोळखी संस्थेत पैसे भरण्यापूर्वी घराजवळच्या सरकारी, महापालिका आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत कोणते नर्सिंग कोर्स चालतात आणि त्यांत मुलांना प्रवेश आहे काय, याची चौकशी स्वतः जाऊन करावी.

संस्थेत गेल्यावर पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत :

१. याच कोर्सला, याच वर्षासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे काय? इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव आहे काय? संस्थेच्या तोंडी शब्दावर न जाता कौन्सिलकडून खात्री करावी.

२. संस्थेचे स्वतःचे रुग्णालय आहे काय? नियमाप्रमाणे एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत, आणि खाटा सरासरी ७५ टक्के भरलेल्या हव्यात. रिकाम्या वॉर्डात हुनर येत नाही. दुपारी एक चक्कर मारून खाटा मोजाव्यात, माल पाहून घेतो तसे.

३. तातडीचा विभाग आणि आयसीयू यांत विद्यार्थ्यांना किती दिवस काम मिळते? तुमचा जुना अनुभव इथेच फळाला येतो.

४. एकूण फी किती? वसतिगृह, गणवेश, परीक्षा, पुस्तके धरून सर्व वर्षांचा आकडा लेखी मागावा. विद्यावेतन मिळते काय तेही विचारावे.

५. कोर्सनंतर नोकरीचा बाँड आहे काय? मूळ दाखले संस्था ठेवून घेते काय? बाँड वाचल्याशिवाय सही करू नये.

६. गणवेश, डोक्यावरचा रुमाल, रात्रपाळी, मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था यांविषयी नियम काय? हे प्रवेशाआधी मोकळेपणाने विचारावे. नंतर वाद घालण्यापेक्षा आधी विचारणे दोघांनाही सोयीचे असते.

७. मागील तुकडीतले किती जण वेळेत पास झाले आणि कुठे लागले? शक्य तर त्यांतल्या दोघांना भेटावे.

पैशाची आणि भाषेची तयारी

कागदपत्रे हेही भांडवल आहे. मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा कित्येक कारागीर जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, पण जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेयर यांची आठवण घरात प्रवेशाच्या आठवड्यातच होते. ही कामे एक वर्ष आधी सुरू करावीत. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या राज्य शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरले जातात. २००० साली स्थापन झालेल्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे. ओबीसी व आर्थिक दुर्बल घटकांतील, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फीमध्ये पूर्ण सवलत देण्याचा निर्णय शासनाने जुलै २०२४ मध्ये काढला. आपला कोर्स व आपली संस्था त्यात बसते काय, हे फी भरण्यापूर्वीच तपासावे.

भाषेचे म्हणाल तर उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलांना अडचण बुद्धीची नसते, इंग्रजीची असते. नर्सिंगची पुस्तके व परीक्षा इंग्रजीत असतात. प्रवेशापूर्वी सहा महिने रोज एक तास इंग्रजी वाचावे. अवयवांची व औषधांची नावे अँब्युलन्सवर कानावर पडलेलीच असतात, ती आता लिहायला शिकावीत. आणि केईएमच्या वॉर्डात कोकणातून, मराठवाड्यातून आलेल्या आजीबाईंशी बोलायचे तर मराठी चांगली हवी, हे वेगळे सांगायला नको.

जुना अनुभव शेवटी कुठे कामी येतो?

नर्स झाल्यावर पुढे तातडीच्या व आपत्कालीन सेवेचा, तसेच अतिदक्षतेचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा कौन्सिलने ठेवलेला आहे. बी.एस्सी. करून अतिदक्षता विभागात वर्षभर काम केलेल्याला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्सही आहे. ज्याने रस्त्यावर अपघात पाहिले आहेत, त्याच्याइतका शोभणारा विद्यार्थी या कोर्सना दुसरा कोण मिळणार? म्हणजे अँब्युलन्सच्या अनुभवाचे पैसे प्रवेशाच्या वेळी मिळत नाहीत, ते पुढे व्याजाविना पण बरकतीने मिळतात.

आता थोडक्यात निर्णय. वय पंचविशीच्या आत, बारावी विज्ञान आणि घरचा थोडा आधार असेल तर बी.एस्सी.साठी नेटाने प्रयत्न करावा. वय तिशीकडे झुकलेले, बारावी कला-वाणिज्य आणि मागे खाणारी तोंडे असतील तर जीएनएम करून कमाईला लागावे व पदवी पुढे पोस्ट बेसिकने पुरी करावी. आणि ज्याला वॉर्डातले संथ, चिकाटीचे काम मनापासून नको आहे, त्याने केवळ पगाराकडे पाहून या वाटेला जाऊ नये.

दुकानदार व कारागीर बंधूंना एक विनंती. आपल्या मोहल्ल्यात असा एखादा मेहनती अँब्युलन्सवाला मुलगा असेल, तर त्याला केवळ शाबासकी देऊन थांबू नका. तो शिकत असताना घरखर्चासाठी सुटीच्या दिवसांत दुकानात हिशेबाचे काम द्या, बिनव्याजी उसने द्या, संस्था पाहायला त्याच्यासोबत जा. व्यापाऱ्याला माल पारखण्याची नजर असते. ती नजर या मुलांच्या उपयोगी पडली, तर उद्या आपल्यापैकीच कोणी वॉर्डात पडला असताना 'घाबरू नका चाचा, मी आहे' असे म्हणणारा ब्रदर आपल्याच गल्लीतला निघेल.